भडक गुलाबी गोगलगाय, आणि नाव नसलेल्याला वाचवायचं कसं?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं, जवळपास तसंच ठेवलंय.)

 

आजचा भाग जेवताना ऐकत असाल तर ताट संपवा आणि मग प्ले करा. विषय चिकट आहे, अगदी शब्दशः. आज आपण एका गोगलगायीबद्दल बोलणार आहोत. साधीसुधी नाही हं. वीतभर लांब, पाठीवर शंख नाही, आणि रंग असा की कोणीतरी हायलायटर पेनाने रंगवलीय असं वाटावं. भडक गुलाबी. फोटो पाहिला तर पहिला विचार हाच येईल की हा एआयने बनवलाय. बनवलेला नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात माउंट कपुटार नावाचा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर ही राहते.

२०१३ साली तिचे फोटो जगभरच्या बातम्यांत फिरले. लोकांनी "अरे वा, किती क्यूट" म्हणून शेअर केले आणि पुढे स्क्रोल केलं. पण त्या बातम्यांच्या मागे एक भारी प्रश्न होता, आणि आजचा भाग त्याच प्रश्नावर आहे. त्या वेळी या गोगलगायीला स्वतःचं शास्त्रीय नावच नव्हतं. कितीतरी वर्षं ती दुसऱ्याच एका प्रजातीचा "गुलाबी कलर" म्हणून गणली जात होती. आता मला सांगा, ज्या प्राण्याला कागदावर नावच नाही, तो धोक्यात आहे हे सरकारला सांगायचं कसं? त्याला वाचवायचं कसं?

चला, सुरुवातीपासून सुरू करू.

पोटात पाय

आपल्याकडे म्हण आहे, "गोगलगाय आणि पोटात पाय". वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून बिलंदर माणसाबद्दल आपण ती वापरतो. गंमत म्हणजे जीवशास्त्रात या प्राण्यांच्या गटाला गॅस्ट्रोपोडा म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ अगदी तोच आहे: पोट म्हणजेच पाय. मराठी पुस्तकांत त्याला उदरपाद म्हणतात. गोगलगायीचा पाय म्हणजे तिच्या खालच्या बाजूचा तो सपाट, स्नायूंचा पट्टा. त्यात मागून पुढे लाटा सरकतात, खाली चिकट स्राव पसरतो आणि ती पुढे जाते. म्हण बनवणाऱ्याने निरीक्षण मात्र नीट केलेलं होतं.

मराठीत आपण शंखवाली आणि बिनशंखाची, दोघींनाही गोगलगायच म्हणतो. इंग्रजीत शंखवालीला स्नेल आणि बिनशंखाचीला स्लग म्हणतात. मी आजच्या भागात बिनशंखाचीला "स्लग" म्हणेन, म्हणजे घोळ होणार नाही.

आता पहिला धक्का. स्लग हा वर्गीकरणातला एक गट नाही. म्हणजे सगळ्या स्लग एकमेकींच्या बहिणी आणि सगळ्या शंखवाल्या दुसऱ्या घरातल्या, असं अजिबात नाही.

वेलींचं उदाहरण घ्या. दुधी वेलीवर येतो, द्राक्षं वेलीवर येतात, मधुमालतीचीही वेल असते. पण या तिन्ही वनस्पती वेगवेगळ्या कुलांतल्या आहेत. वेल असणं म्हणजे जगण्याची एक पद्धत झाली, खानदान नाही. स्लगचं तसंच आहे. शंख बनवायला कॅल्शियम लागतं, तो पाठीवर वाहून न्यावा लागतो, अरुंद फटीत शिरताना अडतो. त्यामुळे उत्क्रांतीत वेगवेगळ्या घराण्यांतल्या गोगलगायींनी स्वतंत्रपणे, अनेकदा, शंख लहान करत करत जवळपास टाकूनच दिला. वरून सगळ्या सारख्या दिसतात, आतून गोष्ट वेगळी असते.

याचा एक पुरावा आपल्या घराजवळच आहे. पावसाळ्यात कुंडीखाली, ओल्या भिंतीवर जी काळपट, चपटी, मखमली पाठीची स्लग दिसते, जिच्या पाठीवर मधोमध एक फिकट रेघ असते, ती बऱ्याचदा लेव्हिकॉलिस अल्टे असते. ती मूळची आफ्रिकेतली, नंतर इकडे पसरलेली. आणि पिकांचा फडशा पाडणारी ती मोठी शंखी गोगलगाय, आफ्रिकन जायंट स्नेल, तीही तुम्हाला माहीत असेल. मराठवाड्यात २०२२ साली सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर गोगलगायी पडल्या होत्या, त्या बातम्या आठवत असतील.

आता कोडं. कपुटारची गुलाबी स्लग या दोघींपैकी कोणाची जवळची नातेवाईक? आपली काळी बिनशंखाची, की ती शंखवाली?

उत्तर: शंखवाली. गुलाबी स्लग आणि शंखी गोगलगाय एकाच मोठ्या गटात येतात, ज्याचं नाव स्टायलोमॅटोफोरा. या गटात डोळे लांब शिंगांच्या टोकावर असतात. आपली काळी स्लग त्या गटाच्या बाहेरची आहे. म्हणजे "दोघींना शंख नाही" ही गोष्ट डोळ्यांना दिसते, पण नात्याबद्दल काहीच सांगत नाही.

हे लक्षात ठेवा. दिसतं तेवढ्यावर वर्गीकरण केलं तर फसायला होतं. पुढे रंगाच्या बाबतीत हेच परत येणार आहे.

लाल त्रिकोणवाली

कपुटारच्या गुलाबी स्लगला समजून घ्यायचं तर आधी तिच्या प्रसिद्ध नातेवाइकाला भेटायला हवं. तिचं नाव रेड ट्रँगल स्लग, म्हणजे लाल त्रिकोणवाली. शास्त्रीय नाव ट्रायबोनियोफोरस ग्रेफेई. नाव लांबलचक आहे, घाबरू नका. हे नाव १८६३ साली दिलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला, दक्षिणेत वोलोंगाँगपासून उत्तरेत क्वीन्सलँडमधल्या मॉसमनपर्यंत ती सापडते. साधारण १४-१५ सेंटीमीटरपर्यंत वाढते.

हिच्या पाठीवर पुढच्या बाजूला लाल रेघेचा एक त्रिकोण असतो. अगदी काढल्यासारखा. शंखवाल्या गोगलगायीत शंखाच्या आत कातडीची एक घडी असते, तिला मँटल म्हणतात. शंख तीच बनवते. स्लगमध्ये शंख गेला तरी मँटल शिल्लक राहतो. बऱ्याच स्लगमध्ये तो खोगिरासारखा दिसतो. हिच्यात तो आकसून तेवढ्या त्रिकोणापुरता उरलाय. आणि त्या त्रिकोणात उजव्या बाजूला एक छोटं भोक असतं, ते उघडतं आणि मिटतं. तेच तिचं नाक म्हणा, श्वासाचं छिद्र. शंखाची आठवण म्हणून आत फक्त चुन्याचे बारीक कण राहिलेत.

दुसरी खूण म्हणजे शिंगं. जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायींना शिंगांच्या दोन जोड्या असतात. वरची डोळ्यांची आणि खालची वास घेण्याची व चाचपण्याची. हिच्या कुलात एकच जोडी असते. दोनच शिंगं.

तिसरी खूण पाठीवर. पानाच्या शिरांसारख्या रेघा असतात, मध्ये एक आणि तिच्यातून बाजूला फुटणाऱ्या. म्हणून या सगळ्या कुलाला पानशिरांच्या स्लग म्हणतात. शास्त्रीय नाव अॅथोराकोफोरिडी. या कुलातल्या स्लग पूर्व ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, न्यू कॅलेडोनिया, न्यू गिनी आणि आजूबाजूच्या बेटांवर आहेत. म्हणजे जगाच्या त्या एका कोपऱ्यातलं हे घराणं आहे.

आणि ती खाते काय? तुमच्या कोथिंबिरीच्या कुंडीवर तिचा डोळा नाही. निलगिरीच्या गुळगुळीत खोडावर जे सूक्ष्म शेवाळ चढतं, ते ती खरवडून खाते. गोगलगायीच्या तोंडात किसणीसारखी एक पट्टी असते, तिच्यावर अगणित बारीक दात असतात. ती किसत किसत पुढे जाते आणि मागे खोडावर नागमोडी, कंगोरेदार खुणा राहतात. तिथल्या लोकांना स्लग दिसत नाही, पण झाडावरच्या खुणा दिसतात. कधीकधी ती घरात शिरते आणि बाथरूमच्या भिंतीवरची बुरशी खाते. म्हणजे फुकट सफाई. मुंबईतल्या पावसाळ्यात अशी दोन-चार माणसं सगळ्यांनाच हवीत.

गरीब दिसते, पण

आता म्हणीचा दुसरा भाग. पोटात पाय.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला वॉटगन पर्वतरांग आहे. तिथे बेडकांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना एक विचित्र दृश्य दिसलं. फांदीवर एक हिरवा झाडबेडूक, आणि शेजारी एक लाल त्रिकोणवाली स्लग. बेडूक काही हलेना. नीट पाहिलं तर तो फांदीला चिकटलेला होता. स्लगने धोका वाटल्यावर जो स्राव सोडला, त्याने तो बेडूक जागेवर खिळला होता. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

इथे एक बारकावा आहे. गोगलगाय चालताना जो चिकट पट्टा मागे सोडते, तो वेगळा. हा बचावाचा डिंक वेगळा. चालण्याचा स्राव पातळ, घसरवणारा. बचावाचा स्राव मात्र दाट आणि गोंदासारखा. अंगाला चव नाही, वेग नाही, शंख नाही, दात दाखवता येत नाहीत. मग उरतं काय? समोरच्यालाच चिकटवून टाकायचं. शंख टाकला म्हणजे संरक्षण टाकलं असं नाही, फक्त संरक्षणाची पद्धत बदलली.

रंगाचा फसवा पुरावा

आता रंगाकडे येऊ. लाल त्रिकोणवालीची खरी गंमत म्हणजे तिचा रंग एक नाही. काही पांढरट, काही राखाडी, काही पिवळसर, काही हिरवट, काही लालसर. एकाच प्रजातीत एवढं वैविध्य.

मग माउंट कपुटारवर गुलाबी दिसली तेव्हा साहजिकच लोकांना वाटलं की हा त्यातलाच आणखी एक रंग. यात मूर्खपणा काही नव्हता. रंग हा स्लगच्या बाबतीत खरोखरच कमजोर पुरावा असतो.

त्यासाठी एक दुसरं उदाहरण देते, थेट आयर्लंडचं. तिथे नैऋत्येच्या भागात केरी स्लग नावाची एक सुंदर स्लग आहे. १८४० च्या दशकात ती शास्त्राला माहीत झाली. ती जंगलात सापडली तर तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके. उघड्या माळावर, खडकांवर सापडली तर काळं अंग आणि पांढरे ठिपके. दोन्ही शेजारी ठेवल्या तर तुम्ही पैज लावाल की या दोन प्रजाती आहेत. पण एकच आहे. वाढताना किती उजेड मिळाला, त्यावर तिचा रंग गडद होतो की नाही हे अवलंबून असतं.

म्हणजे रंग वेगळा असून प्रजाती एकच असू शकते. आणि उलटही होऊ शकतं: दिसायला जवळपास सारखी, पण प्रजाती वेगळी. मग ठरवायचं कसं?

तीन गोष्टी पाहतात. एक, आतली रचना. खास करून प्रजननाचे अवयव. जमिनीवरच्या या गोगलगायी उभयलिंगी असतात, प्रत्येकीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, आणि त्यांची रचना प्रजातीनुसार बदलते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या स्लग आतून चांगल्याच वेगळ्या निघतात. दुसरी गोष्ट, डीएनए. तिसरी, भूगोल. हे दोन गट एकमेकांना भेटतात का? भेटले तर मिसळतात का? की लाखो वर्षं वेगळेच राहिलेत?

कपुटारच्या बाबतीत ही तिसरी गोष्ट फार बोलकी आहे.

ढगातलं बेट

माउंट कपुटार हा विझलेल्या ज्वालामुखीचा भाग आहे. साधारण पावणेदोन ते दोन कोटी वर्षांपूर्वी तो जागा होता. आज माथा सुमारे १,५०० मीटर उंच आहे. आजूबाजूला नजर टाकली तर सपाट, कोरडा, तापलेला मुलूख. वर मात्र थंड, ओलसर, कधीकधी बर्फसुद्धा. वर स्नो गम नावाच्या निलगिरीचं जंगल आहे.

एके काळी पूर्व ऑस्ट्रेलियाचा बराच भाग आजच्यापेक्षा ओला आणि हिरवा होता. मग हवामान हळूहळू कोरडं होत गेलं. सखल भागातली ओली जंगलं आटली. पण या डोंगराच्या माथ्यावर गारवा टिकला. ज्यांना ओल लागते ते प्राणी तिथे अडकून राहिले. समुद्रात जसं बेट असतं, तसं हे कोरड्या सपाटीतलं ओल्याचं बेट. खाली उतरून दुसरीकडे जायचं म्हटलं तर वाटेत ऊन आणि धूळ. स्लगसाठी तो समुद्रच.

तुम्ही कधी मिठाचा चिमूट गोगलगायीवर पडलेला पाहिला असेल तर कळेल की या प्राण्याचं पाण्याशी नातं किती नाजूक आहे. मीठ बाहेरून पाणी ओढतं, आणि ती आकसून मरते. कोरडी जमीनसुद्धा तिच्यासाठी त्याच दिशेची शिक्षा आहे, फक्त हळूहळू दिलेली.

म्हणून कपुटारची गुलाबी स्लग १,००० मीटरच्या वरच सापडते. दिवसा पालापाचोळ्यात, सालीखाली, खडकांच्या फटीत. पावसाळी, धुक्याच्या रात्री शेकड्याने बाहेर येते, झाडावर चढते, शेवाळ आणि बुरशी किसून खाते. सकाळी परत खाली. लांबी २० सेंटीमीटरपर्यंत. म्हणजे लाल त्रिकोणवालीपेक्षा मोठी.

या सगळ्याचा विचार करून संशोधकांचं मत पडलं की हा फक्त रंगाचा फरक नाही, ही वेगळी प्रजाती आहे. पण मत पडणं आणि रीतसर नाव मिळणं यात बराच रस्ता असतो. नमुना संग्रहालयात जमा करायचा, वर्णन लिहायचं, जवळच्या प्रजातींशी तुलना मांडायची, ते प्रसिद्ध करायचं. आणि स्लगचं वर्णन करणारे लोक जगात वाघाचा अभ्यास करणाऱ्यांइतके नाहीत हो.

तोपर्यंत तिला काय म्हणायचं? यासाठी शास्त्रज्ञांकडे एक गोड तोडगा आहे. नावाच्या मध्ये एक छोटा शब्द घालतात: अॅफ. लॅटिन अॅफिनिस या शब्दाचा तो शॉर्ट फॉर्म. म्हणजे ट्रायबोनियोफोरस अॅफ. ग्रेफेई. अर्थ काय, तर "ग्रेफेईच्या नात्यातली, पण ती नव्हे". आपल्याकडे नवीन सुनेचं नाव माहीत नसेल तर "त्या अमक्यांच्या घरातली" म्हणतात ना, तसंच.

मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे मला हे वाचून हसूच आलं. आमच्याकडेही व्हेरिएबलचं नाव सुचलं नाही की "टेम्प" लिहितात, शेजारी "नंतर बदलणे" अशी कमेंट. आणि ते "नंतर" पुढची अनेक वर्षं येत नाही. फरक एवढाच की आमचं टेम्प राहिलं तर कोणी मरत नाही.

नाव म्हणजे प्रायमरी की

आता मूळ प्रश्नावर येऊ. नाव नसेल तर बिघडतं काय?

डेटाबेस वापरणाऱ्यांना हे पटकन कळेल. दोन टेबलं जोडायची तर दोन्हीकडे एक समान की लागते. एका टेबलात प्राणी कुठे सापडतो, दुसऱ्यात त्याची संख्या, तिसऱ्यात कायद्याने त्याला संरक्षण आहे की नाही. या सगळ्यांना जोडणारी की म्हणजे शास्त्रीय नाव. धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या याद्या बहुतेक नावांवर चालतात.

आता गुलाबी स्लगला "ग्रेफेईचा गुलाबी प्रकार" समजलात तर ग्रेफेईच्या ओळीत नोंद होणार. ग्रेफेई तर वोलोंगाँगपासून मॉसमनपर्यंत पसरलेली. त्या ओळीपुढे लिहिणार काय? "भरपूर आहेत, काळजी नको." एका डोंगराच्या माथ्यावरचे सगळे गुलाबी जीव उद्या संपले तरी त्या ओळीत काही बदलणार नाही. यादीच्या दृष्टीने काही झालंच नाही.

म्हणजे वर्गीकरण हा फक्त लॅटिन नावांचा छंद नाहीये. रेघ कुठे ओढली यावर एखादा जीव "सामान्य" ठरतो की "जगात इथेच उरलेला" ठरतो.

मग त्यांनी नाव मिळेपर्यंत वाट पाहिली का? नाही. आणि मला या गोष्टीतला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे.

कपुटारवर ही स्लग एकटी नाही. तिथे इतरही गोगलगायी आहेत, त्यातल्या काही फक्त याच डोंगरावरच्या. काही चक्क मांसाहारी आहेत, दुसऱ्या गोगलगायींच्या चिकट वाटेचा माग काढत जातात आणि त्यांना खातात. स्लो मोशनमधला वाघ आणि हरीण समजा. शेवाळ खाणाऱ्या, पालापाचोळा खाणाऱ्या, आणि त्यांना खाणाऱ्या, असा तो अख्खा समाज आहे.

तिथल्या राष्ट्रीय उद्यान विभागात मायकेल मर्फी नावाचे रेंजर होते, त्यांनी या डोंगरावरच्या गोगलगायींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. आणि २०१३ साली न्यू साउथ वेल्सच्या सायंटिफिक कमिटीने एका प्रजातीला नाही, तर या सगळ्या समाजाला मिळून संरक्षणाच्या यादीत घेतलं. माउंट कपुटारच्या उंच भागातला गोगलगायी आणि स्लगचा समुदाय, "धोक्यात असलेला परिसंस्थीय समुदाय" म्हणून.

लक्षात आलं का काय केलं त्यांनी? की बदलली. प्रजातीच्या नावाऐवजी जागा आणि त्या जागेवरचा एकत्र जगणारा समाज हीच की धरली. मग त्यातल्या एखादीचं नाव अजून ठरायचं असेल तरी ती बाहेर राहत नाही. आणि स्लगला एकटीला वाचवता येतही नाही. खोड हवं, खोडावर शेवाळ हवं, खाली पालापाचोळा हवा, वर ढग हवेत.

आग

हे कागदावर झालं. प्रत्यक्षात काय झालं?

२०१९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात भीषण वणवे लागले, आठवत असेल. कोआलांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. तोच वणवा कपुटार राष्ट्रीय उद्यानातही शिरला आणि या स्लगच्या जंगलाचा मोठा भाग जळाला. आता विचार करा. पळू शकत नाही, उडू शकत नाही, आणि लपायची जागा म्हणजे पालापाचोळा, जो सगळ्यात आधी पेटतो.

अनेकांना वाटलं, संपलं. मग पाऊस पडला. जानेवारी २०२० मध्ये रेंजरना जळालेल्या जंगलात पुन्हा गुलाबी ठिपके दिसले. साठेक स्लग. बहुधा खडकांच्या खोल फटींत शिरून वाचलेल्या. साठ हा आकडा छोटा आहे, पण शून्य आणि साठ यात फार मोठं अंतर आहे.

त्यानंतर तिथल्या उद्यान विभागाने लोकांसाठी एक अॅप आणलं, स्लग स्लूथ. स्लग शोधणारा गुप्तहेर समजा. डोंगरावर फिरायला गेलात, स्लग दिसली, फोटो काढा, ठिकाण नोंदवा. संपूर्ण माथा रोज रात्री तपासायला रेंजर पुरत नाहीत. पण फोन सगळ्यांकडे आहे.

आग मात्र एकदाच येणारी गोष्ट नाही. हवा तापत चालली की थंड पट्टा डोंगरावर वरवर सरकतो. सपाटीवरचा प्राणी निदान वर चढू शकतो. माथ्यावरच्याने कुठे जायचं? वर फक्त आकाश आहे.

पण गुलाबी का?

हा प्रश्न तुमच्या मनात केव्हाचा असेल. उत्तर साधं नाहीये. एक कल्पना अशी की तिथल्या निलगिरीची गळलेली पानं लालसर असतात, त्यात ही लपून जाते. पण ही रात्री खोडावर उंच चढते, तिथे कुठली लाल पानं? मर्फी यांनी स्वतः दुसरा विचार मांडला होता. एकाकी डोंगरावर अडकलेल्या प्राण्यांत एखादा बदल योगायोगाने टिकून राहतो. रंग भडक झाला आणि त्याने फारसं नुकसान झालं नाही, तर तो राहून जातो. प्रत्येक गोष्टीला "उपयोग" असलाच पाहिजे असं नाही.

मला हे उत्तर जास्त आवडतं. आपल्याला सवय असते, की रंग आहे म्हणजे इशारा असेल, नाहीतर छलावरण असेल. कधीकधी उत्तर एवढंच असतं: अडवणारं कोणी नव्हतं.

आता तुमची पाळी

शेवटी, आपल्या कामाचं. पावसाळ्यात तुमच्याकडेही स्लग निघतील. प्रत्येक स्लग दुर्मीळ नसते, आणि शेतात पीक खाणाऱ्या गोगलगायींचा बंदोबस्त करणाऱ्या शेतकऱ्याला मी इथे बसून उपदेश करणार नाही. पण बाथरूममध्ये एक दिसली म्हणून लगेच मिठाची बरणी उघडायच्या आधी अर्धा मिनिट थांबा. फोन तर हातातच असतो.

नुसता वरून फोटो काढू नका, रंग फसवतो हे आपण पाहिलं. तीन गोष्टी दिसतील असा फोटो घ्या. एक, शिंगं किती: दोन की चार. दोन, पाठीवर मँटलचं खोगीर किंवा त्रिकोण आहे का, की सगळी पाठ एकसारखी. तीन, उजव्या कुशीचा फोटो, श्वासाचं छिद्र दिसतंय का आणि कुठे. शेजारी मापासाठी एखादं नाणं ठेवा. ठिकाण आणि तारीख टाकून आयनॅचरलिस्टवर चढवा. हात मात्र लावू नका. गोगलगायींमध्ये माणसाला त्रास देणारे परजीवी असू शकतात, लागलाच तर साबणाने धुवा.

सह्याद्रीतही असे ढगात बुडालेले माथे आहेत, आणि तिथल्या ओल्या सालीवर काय काय सरकतं हे बघणारे डोळे कमी आहेत. कपुटारच्या स्लगला आधी कोणीतरी "हा नुसता रंग नाही" म्हणून नीट पाहिलं. नाव, कायदा, अॅप, सगळं त्याच्या नंतर आलं.

फोटो काढलेत तर आम्हाला पण पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बोलू. आणि ज्या मित्राला किंवा मैत्रिणीला गोगलगायीची किळस वाटते, त्यांना हा भाग आवर्जून फॉरवर्ड करा. जेवणाची वेळ टाळून.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!